चाक जड झालं म्हणून हेल्म बदलायला धावू नका

तुम्ही लिहिलंय की १९९१ची इनबोर्ड (इंजिन बोटीच्या आत असलेली) स्की बोट मिशिगनच्या हिवाळ्यानंतर बाहेर काढली, इंजिन लगेच सुरू झालं, पण चाक डावीकडे फिरवायला दोन्ही हात लागतात आणि वर्कशॉपवाले नवा हेल्म (चाकामागची यंत्रणा) टाकायला सांगताहेत. थांबा. याच सल्ल्यावर मीही आधी हेल्म बदलला होता. पैसे गेले, चाक होतं तितकंच जड राहिलं. त्या वर्कशॉपमधल्या कुणी बोटीच्या मागच्या भागात डोकं घालूनही पाहिलं नव्हतं. बिलात तपासणीचे पैसे मात्र होते!

बोट ट्रेलरवर, इंजिन बंद. मागचं झाकण उचला आणि सुकाणू फिरवणाऱ्या तरफेला, म्हणजे आर्मला, जोडलेलं चाकाकडून येणाऱ्या केबलचं टोक तेवढं सोडवा. आर्म मात्र काढू नका. बऱ्याच बोटींत सुकाणू त्या आर्मवरच लटकलेलं असतं. आर्म काढला की ते खाली निसटतं. ट्रेलरवर निसटलं तर पायावर पडेल, पाण्यात निसटलं तर बोटीच्या तळाला भोक. कधी आर्म काढायची वेळ आलीच, तर आधी सुकाणूखाली लाकडाचा ठोकळा लावा.

केबल सुटली की आर्म हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. सहज फिरला तर सुकाणूत दोष नाही. आता चाक फिरवून बघा. अजूनही जड असेल तर केबल हेल्मपासूनही सोडवा. हेल्म एकटा मोकळा फिरतोय? मग केबल गेली. या वयाच्या बोटींत बहुतेक वेळा केबलच निघते.

आर्मच घट्ट असेल तर सुकाणूच्या बुशवर (दांडा ज्यात फिरतो त्या नळीवर) ग्रीस भरायचं निप्पल आहे का बघा. असेल तर मरीन ग्रीस जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा. निप्पल नसून पॅकिंगचा (पाणी अडवणारा) नट असेल तर कुणीतरी तो गरजेपेक्षा जास्त आवळलेला असू शकतो. पाव फेरा सैल करून बघा, पण इथून पाण्याचा थेंबही आत येता कामा नये. आर्म एका जागी मोकळा आणि दुसऱ्या जागी अडतोय, असं असेल तर सुकाणूचा दांडा वाकलाय. तिथे ग्रीसचा उपयोग नाही.

आता केबलबद्दल. स्प्रे मारून किंवा आत तेल सोडून ती ‘मोकळी’ करायचा उद्योग करू नका. बाहेरचं वेष्टण, आत प्लॅस्टिकचं अस्तर, त्यात पोलादी गाभा, अशी तिची रचना असते. टोकाच्या सीलमधून पाणी शिरतं, गाभा गंजून फुगतो आणि अस्तरात अडकतो. थंडीत आतलं पाणी गोठलं की आणखी अडतं. स्प्रेने आतलं ग्रीस धुऊन निघतं, दोन आठवडे चाक हलकं वाटतं, आणि मग केबल पुन्हा धरते. स्लॅलमला (बोयांभोवती नागमोडी स्कीइंगला) ताशी ५५-५८ किलोमीटर वेग असतो, मागे दोरीला माणूस असतो. तेव्हा ती अडकलेली परवडणार नाही. चाकाला जोर लावून ती सोडवायला गेलात तर हेल्मचे दातेही जातील. म्हणजे वर्कशॉपवाल्याचं भाकीत तुम्हीच खरं कराल.

नवी केबल नुसती लांबी सांगून मागवू नका. रोटरी हेल्मची (आत दातेरी चक्र) केबल आणि रॅक हेल्मची (आत दातेरी पट्टी) केबल वेगळी. आउटबोर्डच्या (इंजिन बाहेर मागे लावलेल्या बोटीच्या) केबलचं टोक इनबोर्डला बसेलच असं नाही. जुन्या वेष्टणावर छापलेला नंबर शोधा. बऱ्याच केबल्सच्या नंबरात शेवटचे दोन आकडे फुटातली लांबी असते. टेलिफ्लेक्स या जुन्या केबल कंपनीचं नाव दिसलं तर घाबरू नका, तो धंदा पुढे सीस्टार झाला आणि २०१७मध्ये डोमेटिककडे गेला, त्या नावांनी शोधा.

जुनी केबल ओढण्याआधी तिच्या टोकाला मजबूत दोरी टेपने घट्ट बांधा, नाहीतर फरशीखालची वाट कायमची हरवेल. नवी टाकताना वळणाची त्रिज्या ८ इंचांपेक्षा कमी होऊ देऊ नका. जोडण्याआधी सुकाणू आणि चाक दोन्ही मध्यावर आणा. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सैल न होणारे) नवे वापरा, जुने परत लावू नका.

मी मेकॅनिक नाही. तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर तेच खरं.

हे सगळं झाल्यावर वेगात चाक एका बाजूला थोडं ओढेल. तो पंख्याच्या (प्रोपेलरच्या) फिरण्याचा परिणाम आहे, थोडा असेल तर दोष नाही. जास्त ओढत असेल तर सुकाणूची मागची कड घासून बसवतात, पण कुठली बाजू घासायची हे मॅन्युअल बघून ठरवा. आधी किंचित घासा, पाण्यात चालवून बघा, मग पुढचं. घासलेलं परत येत नाही. आणि रिव्हर्समध्ये बोट चाकाचं ऐकत नाही, हा इनबोर्डचा स्वभावच आहे. उजव्या फेऱ्याचा पंखा (पुढे जाताना मागून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरणारा) रिव्हर्समध्ये मागची बाजू डावीकडे नेतो. तो बिघाड समजून कुणाला पैसे देऊ नका.

ऑर्डर द्यायच्या आधी केबलच्या दोन्ही टोकांचे फोटो आणि वेष्टणावरचा नंबर इथे टाका, मी बघून सांगतो.