एकाच लॅन पोर्टच्या नॅसचं नेटवर्क कार्ड गेलं तर? दोन पोर्टवालं घ्यावं का?

तुमचा प्रश्न वाचला आणि जुन्या कामावरचे आमचे सर डोळ्यांसमोर आले, म्हणून लिहितोय. तुमच्या दोन डिस्कच्या नॅसला (नेटवर्कवर सगळ्यांच्या फाईली ठेवणाऱ्या डब्याला) एकच लॅन पोर्ट आहे, कार्ड उडालं तर सगळं काम ठप्प. तेव्हा यूएसबीचं लॅन अडॅप्टर लावावं की दोन पोर्टवालं मॉडेल घ्यावं, असं तुम्ही विचारलंय.

यूएसबीचं नको. बऱ्याच नॅसमध्ये त्याचा ड्रायव्हर कंपनी देत नाही. तो कुठून तरी आणून बसवायचा आणि पुढच्या अपडेटला गायब झाला की डोकं धरून बसायचं. ज्याच्यावर भिस्त ठेवायची तेच असं उसनं असेल तर काय उपयोग?

आता दोन पोर्ट. एका ऑफिसचं नेटवर्क मी बघायचो. अकरा माणसं, दोन नेटवर्क स्विच (सगळ्यांच्या लॅन वायरी जिथे येऊन जुळतात ते डबे), दोन पोर्टांचा एक नॅस. माझं म्हणणं होतं, ऍक्टिव्ह-बॅकअप लावू. एक वायर या स्विचला, दुसरी त्या. एक पोर्ट काम करतो, दुसरा नुसता बसून असतो. पहिल्याची लिंक गेली की हा उठतो. स्विचमध्ये काहीच सेट करावं लागत नाही. सरांना मात्र तो रिकामा पोर्ट बघवेना. "फुकट पोसायचाय का त्याला?" त्यांना हवं होतं एलएसीपी, म्हणजे दोन वायरी जोडून एकच मोठी वाट करायची पद्धत: दोन्ही वायरी एकाच मॅनेज्ड (सेटिंग करता येणाऱ्या) स्विचला, स्पीड डबल. (एलएसीपी दोन स्विचमध्ये विभागायचं तर स्टॅकिंग किंवा एमलॅग करणारे, म्हणजे दोन मिळून एकच असल्यासारखे वागणारे, स्विच लागतात. आमचे तसले नव्हते.) मी सांगून पाहिलं की एक कनेक्शन एकाच वायरीवरून जातं. कुठलं कुठून जाणार ते दोन्हीकडच्या नेटवर्क पत्त्यांच्या हिशोबाने ठरतं. त्यामुळे एकट्या माणसाची कॉपी गिगाबिटवर सेकंदाला 110-115 एमबीच्या आसपासच थांबणार, वायरी दोन लावा नाहीतर चार. "पुस्तकं बंद कर जरा," सर म्हणाले. लागलं एलएसीपी. आठवड्याभरात सरांनी सगळ्यांना सांगून टाकलं की फाईली आता बघा कशा पटापट उघडतात.

पुढे एका महिनाअखेरीला, संध्याकाळी, सगळ्यांच्या फाईली एकदम अडकल्या. नॅसच्या मागे वाकून बघतो तर दोन्ही पोर्टांचे लाईट बंद. नॅस ठणठणीत होता. जळाला होता स्विचचा पॉवर अडॅप्टर. त्याच व्होल्टेजचा आणि पिन बसणारा दुसरा शोधण्यात दीड तास गेला. स्विच उठला, आणि नॅसचा एकच पोर्ट लुकलुकायला लागला. दुसरा अंधारातच. त्याची वायर धरली तर अलगद हातात आली. क्लिप तुटलेली, पण वरून बघितलं तर नीट बसल्यासारखी. लॉग उघडला. त्या पोर्टची लिंक चार महिन्यांपूर्वीच गेली होती. म्हणजे चार महिने अख्खं ऑफिस एका वायरीवर चाललं होतं आणि सर डबल स्पीडचं कौतुक करत होते!

तर माझं स्पष्ट मत: नेटवर्क कार्ड स्वतःहून मेलेलं मी क्वचितच पाहिलंय. जाते ती क्लिप, वायर, स्विचचा पोर्ट, नाहीतर दोन पैशांचा अडॅप्टर. स्वस्त नॅसमध्ये दोन्ही पोर्ट एकाच बोर्डावर असतात आणि बोर्ड एकाच अडॅप्टरवर. बोर्ड गेला की दोन्ही पोर्ट बरोबरच जातात. तेव्हा बॅकअप दुसऱ्या ठिकाणी ठेवा, ते पोर्टपेक्षा आधी. दुसरा पोर्ट आहे तो वायर आणि स्विचच्या भीतीपोटी. दुसरा स्विच ठेवणार असाल तर जरूर घ्या. दोन्ही वायरी एकाच स्विचला खुपसणार असाल तर त्यात फार अर्थ नाही. आणि नुसता स्पीड हवा असेल तर 2.5 गिगाबिटचा पोर्ट बघा, किंवा एसएमबी (विंडोजची फाईल शेअर करायची पद्धत) मल्टिचॅनल. त्यात एकच कॉपी खरोखर दोन पोर्टांवर विभागली जाते, फक्त समोरच्या कॉम्प्युटरलाही तेवढीच ताकद लागते. पण हे सगळं सरांना कोण सांगणार.

काहीही लावलंत तरी मोठी कॉपी चालू ठेवून एकेक वायर उपटून बघा. आणि लिंक तुटली की मेल येईल असं आजच करून टाका. आमच्याकडे ते नव्हतं. (ते माझं काम होतं, हे सरांनी त्याच रात्री ऐकवलं.)

हो, ऍक्टिव्ह-बॅकअपही लिंक आहे का एवढंच बघतं. स्विच हँग झाला पण पोर्टचा लाईट चालू राहिला तर ते फसतं. लिनक्समध्ये एआरपीने, म्हणजे पलीकडच्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का ते, तपासायची सोय आहे, स्वस्त नॅसच्या सेटिंगमध्ये ती सहसा दिसत नाही.

आणखी एक, नाइलाजाने. सर त्या रात्री म्हणाले होते, "तुझ्या पद्धतीने लावलं असतं तरी अकरातले सात जण याच मेलेल्या स्विचवर होते ना?" होते. पण उरलेल्या चौघांचं काम चाललं असतं, सर. चौघांचं.