वेळ अंड्याला लागत नाही, कांद्याला लागतो

गेल्या अंकात 'सकाळच्या नाश्त्याबद्दल काय अडतंय ते विचारा' असं लिहिलं होतं. वाटलं, पोहे-उपम्याची पत्रं येतील. आली ती जवळजवळ सगळी अंड्यांची. हरकत नाही. मी डोंबिवलीत डबे देते, सकाळी सहाला माझ्या ओट्यावर अंड्यांचा ट्रे उघडलेला असतो, तेव्हा या विषयात बोलायचा मला थोडाफार हक्क आहे.

मी आणि हे, दोघंही आठच्या आत लोकल पकडतो. अंडा भुर्जी करायला घेतली की पंचवीस मिनिटं जातात. लोक पाच मिनिटांत कशी करतात? – ठाकुर्लीहून एक वाचक

तुमचं घड्याळ बरोबर आहे. पाच मिनिटांवाले कांदा चिरलेला धरतात, टोमॅटो शिजलेला धरतात आणि कढई दुसऱ्या कुणीतरी घासायची असं धरतात. अंड्याचा स्वतःचा वेळ किती? पांढरं साधारण 62 ते 65 अंशांना धरायला लागतं, बलक त्याच्या जरा पुढे. तापलेल्या कढईत हे दोन-तीन मिनिटांत उरकतं. तुमची बाकीची वीस मिनिटं कांदा खातो. म्हणून सकाळी कांद्याला हातच लावायचा नाही.

रविवारी रात्री टीव्हीसमोर बसून चार मध्यम कांदे आणि तीन टोमॅटो बारीक चिरा. तीन चमचे तेलात जिरं, हिरवी मिरची, आलं-लसूण, मग कांदा. मीठ कांद्यातच घाला, त्याला पाणी सुटून तो लवकर मऊ होतो. गुलाबी झाला की हळद, तिखट, टोमॅटो. टोमॅटोचं पाणी पूर्ण आटून कडेला तेल दिसेपर्यंत परतायचं. इथे घाई केली तर सकाळची भुर्जी पाणचट होणार, मग कितीही अंडी घाला. गार करून काचेच्या डब्यात, फ्रिजमध्ये. हा मसाला तीन-चार दिवस छान राहतो.

सकाळी दोन मोठे चमचे मसाला कढईत गरम करायचा, तीन अंडी थेट त्यावर फोडायची. आधी वाटीत फेटायची गरज नाही, एक भांडं कमी. पांढरं कडेने धरायला लागलं की कालथ्याने मोडायचं, आणि थोडी ओलसर दिसत असतानाच गॅस बंद करायचा. कढईच्या उष्णतेवर ती उरलेली शिजते. पूर्ण शिजल्यासारखी दिसेपर्यंत थांबलात तर ताटात पडेपर्यंत तिचा रवा होतो. वरून कोथिंबीर, लिंबू.

स्टेशनबाहेरच्या भुर्जीच्या गाडीवर कधी नुसतं उभं राहून बघा. कांदा-टोमॅटो डब्यांत चिरून तयार, लोणी हाताशी, पाव तव्याच्या कडेला शेकत पडलेला. अंडं कालथ्याच्या धारेवर फुटतं, तव्यावरच दोन कालथ्यांनी ठणठण मोडलं जातं, चिमूटभर पावभाजी मसाला आणि प्लेट पुढे. त्याचा हात वेगात चालतो हे खरं, पण त्याची खरी कमाई दुपारी चार वाजता बसून चिरलेल्या कांद्याची आहे.

रात्रीची भाजी थोडी उरते. दोघांना पुरत नाही आणि टाकवत नाही. तिच्यात अंडं घातलं तर चालेल का? – दादरहून एक वाचक

चालेल काय, तुमच्या शेजारच्या पारशी कॉलनीत हेच करतात आणि त्याला 'पर ईडू' म्हणतात, म्हणजे कशावर तरी अंडं. भेंडीवर, बटाट्यावर, टोमॅटोवर, मेथीवर, बटाट्याच्या सळीवर, जे असेल त्यावर. माझ्या मते सकाळच्या गडबडीसाठी अख्ख्या हिंदुस्थानात याच्याइतका शहाणा नाश्ता नाही. ढवळायचं नाही, उलटायचं नाही, जवळ उभं राहायचं नाही.

पसरट पॅनमध्ये चमचाभर तेलावर भाजी गरम करून सारखी पसरा, साधारण बोटाच्या जाडीची. चमच्याच्या पाठीने दोन-तीन खळगे करा आणि प्रत्येकात एक अंडं फोडून सोडा. मीठ फक्त अंड्यावर चिमूटभर, भाजीत आहेच. कडेने चमचाभर पाणी शिंपडून घट्ट झाकण ठेवा, गॅस बारीक. चार मिनिटांनी झाकण काढलंत तर बलकावर दुधट पापुद्रा आलेला दिसेल, आत तो मऊ असेल. मुलांना घट्ट हवा असेल तर आणखी दोन मिनिटं. तेवढ्यात तुमचे डबे भरून होतात.

कोणती भाजी? सुकी भेंडी सगळ्यांत उत्तम. बटाट्याची पिवळी भाजी, कांद्याची पात, मेथी, शिमला मिरची पीठ पेरून, सगळं जमतं. कोकणात आमच्याकडे पावसाळ्यात शेवग्याच्या कोवळ्या पाल्याच्या भाजीत अंडं घालतात, फक्त तिथे ते मोडून परततात. पण अंडं मी मोडणार नाही, वरच ठेवीन. हिरव्यावर पिवळं दिसायलाही बरं. दुधीची, दोडक्याची रसभाजी मात्र नको. पाणी सुटतं, अंडं पोहायला लागतं. आणि कारल्याचं धाडस केलंत तर मला कळवा, मी केलेलं नाही.

पारशांकडची दुसरी वस्तू म्हणजे आकुरी. भुर्जीचीच बहीण, पण लोण्यावर, थोडं दूध घालून, अगदी मंद गॅसवर, चमच्याने घ्यावी इतकी मऊ ठेवलेली. इराण्याकडे ब्रून पावाबरोबर मिळते. सुट्टीच्या दिवशी करा. लोकल गाठायच्या दिवशी मंद गॅसजवळ उभं राहणं कुणाला परवडतंय?

सासूबाई अंडं खात नाहीत. नवरा आणि मुलगा रोज मागतात. वेगळा तवा ठेवलाय, तरी घरात वास राहतो आणि त्यावरून रोज काहीतरी होतं. – सांगलीहून एक वाचक

वासाचं आधी सांगते, बाकीचं नंतर.

अंड्याचं भांडं गरम पाण्याने धुवायचं नाही. गरम पाण्याने उरलेलं अंडं भांड्यालाच शिजून चिकटतं आणि वास तिथेच मुरतो. आधी थंड पाण्याने निपटून काढा, मग चमचाभर बेसन किंवा लिंबाची पिळलेली फोड चोळा, मग साबण. घासणीही वेगळी ठेवा, कारण बहुतेक घरांत वास तव्याला नसतो, घासणीला असतो. टरफलं ओट्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात ठेवू नका, कागदात गुंडाळून लगेच बाहेर. तिथून गुलाबांच्या कुंडीत चुरून टाका, कॅल्शियम आहे त्यांत. आणि तळलेल्यापेक्षा उकडलेल्या अंड्याचा वास घरभर कमी फिरतो. आठवड्यातले तीन दिवस उकडलेली ठेवली तर निम्मी कटकट आपोआप संपेल.

आता बाकीचं. तुमच्या पत्रात नवरा मागतो, मुलगा मागतो, तवा तुम्ही वेगळा ठेवता, घासता तुम्ही आणि ऐकून घेताही तुम्हीच. अंडं ज्याला हवं त्याने तो तवा धुवावा. मुलगा कितवीत आहे ते लिहिलं नाहीत, पण पाचवीच्या पुढे असेल तर त्याला हाफ फ्राय शिकवा. श्रावणात सुट्टी द्या, सासूबाईंचंही मन राहील.

पुण्यात रूमवर राहतो. गॅस नाही, फक्त इलेक्ट्रिक किटली आहे. ताई, अंडी होतील का? – जळगावचा, सध्या कर्वेनगरात

होतील रे, पण फक्त उकडलेली. किटलीत अंडं फोडून ऑम्लेट करायच्या भानगडीत पडू नकोस, किटली जाईल आणि रूममेटही जाईल.

टरफल धुऊन घे. चमच्यावर ठेवून एकेक अंडं किटलीच्या तळाशी अलगद सोड. वरून टाकलंस की तडकतं. अंड्यांवर बोटभर पाणी येऊ दे. किटली चालू कर. उकळी आली की ती आपोआप बंद होते, ती होऊ दे. झाकण न उघडता बारा-तेरा मिनिटं तसंच ठेव, तेवढ्यात आंघोळ उरक. मग गरम पाणी ओतून गार पाण्यात पाचेक मिनिटं. जास्त वेळ गरम पाण्यात राहिली तर बलकाभोवती हिरवट-राखाडी कडं येतं. ते विष नसतं, पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह एकत्र येऊन होतं. खायला चालतं, पण बलक कोरडा पडतो आणि घशात अडकतो.

सोलताना पांढरं सोबत निघतं ना? अंडी फार ताजी असली की असं होतं. आठवडाभर जुन्या अंड्यातला कार्बन डायऑक्साइड टरफलातून निघून गेलेला असतो, पांढरं आतल्या पापुद्र्याला कमी चिकटतं. जाड बाजूने फोड, तिथे हवेची पोकळी असते, आणि पाण्याच्या बारीक धारेखाली सोल.

नुसतं मीठ लावून रोज खाल्लंस तर पंधरा दिवसांत कंटाळशील. घरून येताना आईकडून मेतकूट आण, शेंगदाण्याची चटणी आण. अंडं दोन भाग करून बलकावर चटणी दाबायची, वर चार थेंब कच्चं तेल. तुझ्याकडचा कळण्याच्या भाकरीचा तुकडा मिळाला तर काय, राजाच तू. दोन अंड्यांत साधारण बारा ग्रॅम प्रथिनं मिळतात. तुम्ही मुलं ज्या पावडरी विकत घेता त्यांच्या डब्यावरची किंमत एकदा बघ आणि अंड्याची बघ.

मायक्रोवेव्ह असला तरी सबंध अंडं त्यात ठेवायचं नाही, सोललेलंसुद्धा नाही. आत वाफ कोंडते आणि ते फुटतं, कधी कधी बाहेर काढून चमचा लावल्यावर, तोंडासमोर.

शिळ्या पोळ्यांचं फोडणीच्या पोळीशिवाय काही सुचवा. – नाशिकहून एक वाचक

त्याच फोडणीच्या पोळीत, ती परतून झाली की, बाजूला सारून दोन अंडी मोडा आणि मग एकत्र करा. पोळीचा चुरा अंड्याने बांधला जातो, कोरडा लागत नाही. साखर मात्र घालू नका. घालणारी माणसं आहेत, मला ठाऊक आहे.

दुसरं म्हणजे अंडा-पोळी. एक अंडं मीठ-मिरची-कोथिंबीर घालून फेटायचं, तेल लावलेल्या तव्यावर पोळीच्या आकाराचं पसरायचं आणि ओलं असतानाच वर पोळी ठेवून कालथ्याने दाबायची. अर्ध्या मिनिटात अंडं पोळीला धरतं. उलटायचं, पोळीची बाजू कुरकुरीत करायची, आत कच्चा कांदा आणि लसणीची चटणी, गुंडाळी करून हातात. कोलकात्याचा एग रोल याच कुळातला, फक्त तिथे मैद्याचा पराठा असतो. शिळी पोळी इथे ताजीपेक्षा सरस, कारण ती ओल शोषून घेते आणि फाटत नाही.

गोव्यात गाड्यावर रस-ऑम्लेट खाल्लं. ते सकाळी घरी जमेल का? – दुबईहून एक वाचक

तिथे ते संध्याकाळचं खाणं. ऑम्लेटवर शागोतीचा, म्हणजे भाजलेलं खोबरं-मसाला वाटून केलेल्या कोंबडीचा, रस ओततात, वर कच्चा कांदा, लिंबाची फोड, सोबत पाव. मुद्दाम नाश्त्यासाठी शागोती करायला बसलात तर दुपार होईल. खोबरं भाजा, खसखस भाजा, गरम मसाला वाटा. पण आदल्या रात्री घरी सुकं खोबरं भाजून केलेलं कोंबडीचं कालवण झालं असेल, गोव्याचं नाही तर मालवणी, तर त्यातला वाटीभर रस्साच काढून ठेवा. सकाळी उकळून घ्या, घट्ट वाटला तर थोडं गरम पाणी. ऑम्लेट बारीक कांदा-मिरची घालून, जरा तपकिरी होऊ द्या, मऊ ऑम्लेट रश्शात विरघळतं. खुबुस चालेल पावाऐवजी, रस्सा चांगला टिपतो तो.

थोडक्यात

तपकिरी अंडी जास्त पौष्टिक का? – नाही. रंग कोंबडीच्या जातीवर जातो. जास्तीचे पैसे रंगाचे देऊ नका.

आणल्यावर धुऊन ठेवावीत का? – नको. टरफलाला बारीक छिद्रं असतात आणि वर नैसर्गिक लेप असतो, तो धुतल्याने जातो. वापरायच्या वेळी धुवा. तडकलेलं दुकानातच परत करा.

कोलेस्टेरॉलचं काय? – एका बलकात साधारण 185 मिलिग्रॅम असतं. ज्यांना डॉक्टरांनी मोजून खायला सांगितलंय त्यांनी डॉक्टरांचंच ऐकावं, माझं नाही. बाकीच्यांनी अंड्याआधी त्याच्या पावावरचं लोणी मोजावं.

ऑम्लेट तव्याला चिकटतं. – तवा आधी तापवा, मग तेल, तेल तापलं की अंडं. बिडाचा तवा असेल तर त्यावर आधी दोन घावन काढा आणि मग ऑम्लेट घाला.

फ्रिजमध्ये कुठे ठेवावीत? – दारातल्या खाचांत नको, दार सारखं उघडतं. आतल्या कप्प्यात, टोकदार बाजू खाली.