एका जीवातलं जनुक दुसऱ्या जीवात नेमकं कसं टाकतात? इंजेक्शन देतात का?

झाडाला इंजेक्शन वगैरे काही देत नाहीत. पण प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण ह्याच गोष्टीवरून 2017 ला माझं आणि आमच्या आबांचं (मोठे काका) जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

आम्ही चोपडा तालुक्यातले, ठिबकवर मे महिन्यातच कपाशी लावणारे. बोंडअळीला तोंड देणारी बीटी कपाशी असते ना, तर आबांचं म्हणणं, बीटी म्हणजे बियाण्याला चोळलेलं औषध, तो रंग दिसतो ना तेच. अहो, तो रंग बीजप्रक्रियेचा! बीटीचं विष झाड स्वतः तयार करतं, पानात, बोंडात, सगळीकडे. मातीत बॅसिलस थुरिंजिएन्सिस (म्हणूनच बीटी) नावाचा जिवाणू असतो, त्याच्या क्राय प्रथिनाचं, म्हणजे अळी मारणाऱ्या विषाचं, जनुक कपाशीत बसवलंय. आणि ते नेऊन सोडतो दुसराच जिवाणू, अ‍ॅग्रोबॅक्टेरियम. हा मुळात झाडांना गाठी आणणारा, आपल्या डीएनएचा तुकडा झाडाच्या पेशीत घुसवतो म्हणून गाठ येते. शास्त्रज्ञांनी गाठीची जनुकं काढून टाकली आणि त्या जागी हवं ते जनुक ठेवलं, बस. ज्या थोड्या पेशींत ते बसतं त्याच अँटिबायोटिकमध्ये तगतात, त्यांच्यापासून बाटलीत रोप वाढवतात. कोकर 312 ह्या अमेरिकन वाणात हे आधी केलं, मग संकर करत आपल्या वाणांत आणलं, भारतात परवानगी 2002 ला.

तेव्हा 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगर-बीटी बी यायचं. ते कडेने लावायचं, म्हणजे विष न पचवणारे पतंगही शिल्लक राहतात, पचवणाऱ्यांशी त्यांचं मीलन होतं आणि विष पचवणारी अळी लवकर माजत नाही. मी हे सांगितलं तर आबा म्हणे, "तू माले नको शिकाडू", आणि पाकीट बांधावर फेकलं. नोव्हेंबरात हिरवीगार कैरी (कपाशीचं कच्चं बोंड) नखाने फोडली, आत दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या आणि त्यात गुलाबी अळी. वेचणीला निम्मी कवडी, म्हणजे किडका कापूस. आबा म्हणे कंपनीने औषध कमी चोळलं!

प्राण्यांत मात्र फलित अंड्यात बारीक सुईने डीएनए सोडतात, तेव्हा तुमचं इंजेक्शन अगदीच चूक नाही. आणि खरं सांगायचं तर आमच्या एकट्या पाकिटाने अळी थांबली नसती, सगळ्या शिवारानेच ते फेकलं होतं, वर आम्ही फरदडही (वेचणीनंतर तेच पीक पुढे शेतात) ठेवायचो. तरी तुमच्या घरी कोणी बियाण्याला बीटी चोळतात म्हणत असेल तर हे वाचून दाखवा. आबांना मी दर हंगामाला सांगतोच.