शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलांना पदवीपर्यंत आणि पुढे नोकरी लागेपर्यंत मदत कशी करावी?

गिरगावातील आपण काही शेजारी मिळून चार विद्यार्थ्यांची फी भरता आणि ती मुले नोकरीला लागेपर्यंत आणखी काय करावे, असे आपण विचारले आहे. परळमधील आमच्या लहानशा मंडळात मी बरीच वर्षे हेच काम पाहतो. माझ्या मते फी हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे, आणि देणगीदार बहुधा तेवढाच भरून थांबतात.

आमची मोठी चूक नियमातच होती. केटी लागली, म्हणजे एखाद्या विषयात नापास होऊन तो पुन्हा द्यावा लागला, की पुढील वर्षाची मदत बंद, असे आम्ही ठरवले होते. वाणिज्य शाखेच्या एका विद्यार्थिनीला पहिल्याच सत्रात दोन विषयांत केटी लागली. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या त्या मुलीला हिशेब उत्तम येत, पण इंग्रजीत उत्तरे लिहिताना ती अडखळे. आमचे पत्र गेले आणि तिने महाविद्यालय सोडून कापडाच्या दुकानात काम धरले. चार महिन्यांच्या शिकवणीने भागले असते. आता पहिला निकाल लागताच आम्ही फोन करतो, तोही रागावण्यासाठी नव्हे.

सरकारी शिष्यवृत्ती मिळत असेल, तर महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरील अर्जाचे दरवर्षी नूतनीकरण झाले का आणि बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, एवढे मात्र स्वतः विचारा.

खरी ओढाताण शेवटच्या परीक्षेनंतर सुरू होते. शिष्यवृत्ती थांबते, वसतिगृह सोडावे लागते, लोकलचा सवलतीचा पासही बंद होतो, आणि नोकरी लागली तरी पहिला पगार महिना भरल्यावरच हाती येतो; त्यातच घरचे लोक ‘आता कमवायला लाग’ म्हणून मागे लागलेले असतात, त्यामुळे मुले समोर येईल ते काम पत्करतात. म्हणून आम्ही प्रत्येकाच्या नावे निकालानंतरच्या सहा महिन्यांचा प्रवास आणि जेवणखर्च आधीच राखून ठेवतो. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा असला, तरी २०१४ च्या दुरुस्तीनंतर अभियांत्रिकीखेरीज इतर पदवीधरांनाही विद्यावेतनासह उमेदवारी करता येते, आणि ही उमेदवारी पाहणारे पश्चिम विभागाचे प्रशिक्षण मंडळ तर मुंबईतच, शीवला आहे. आपल्या चौघांपैकी कोणी शेवटच्या वर्षाला असेल, तर तेथील नोंदणीची चौकशी परीक्षेआधीच करून ठेवावी.