विचारा की! अरबी समुद्रातली वादळं आणि आपण घाटावरची माणसं

मागच्या अंकात जहाजांना मिळणाऱ्या हवामान अंदाजावर लिहिलं होतं. वाटलं होतं साताऱ्यात बसून समुद्राचं कोण वाचणार, पण पत्रं आणि व्हॉट्सॲप मिळून बरंच काही आलं, त्यातले पाच प्रश्न घेतोय.

प्रश्न : पोरगं मर्चंट नेव्हीत डेक कॅडेट (शिकाऊ अधिकारी) आहे, जहाज यूएईतल्या फुजैराहून कोचीला चाललंय. टीव्हीवर सारखं 'अरबी समुद्रात चक्रीवादळ' लावलंय, फोन नाही, त्याची आई नीट जेवत नाही. जहाजाला हे आधी कळतं का? आणि कळलं तर करतात काय? (एक वडील, कोरेगाव)

दादा, आधी वहिनींना जेवायला बसवा. फोन नाही याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की रेंज नाही किंवा पोरगं वॉच (पहाऱ्याची पाळी) आणि लॅशिंगच्या (सामान घट्ट बांधायच्या) कामात अडकलंय. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, नॅवटेक्स नावाचा रिसीव्हर असतो, किनाऱ्यावरून ५१८ किलोहर्ट्झवर सोडलेले इशारे तो आपोआप पकडतो, पण त्याचा पल्ला अडीचशे ते चारशे सागरी मैल, त्यापुढं भर समुद्रात सॅटेलाइटवरून बुलेटिन (हवामानाचं पत्रक) येतं. उत्तर हिंदी महासागरातल्या वादळांवर नजर ठेवायची जबाबदारी दिल्लीच्या हवामान खात्याच्या केंद्राकडं आहे. बुलेटिनमध्ये वादळाचे अक्षांश-रेखांश असतात, ते घ्या आणि नकाशावर ठेवा. अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० सागरी मैल, आपले १११ किलोमीटर. टीव्हीवर लाल भोवरा अख्खा समुद्र व्यापतो, नकाशावर मोजलं की कळतं जहाज किती लांब आहे ते.

आता करतात काय. आपल्या गोलार्धात वादळ घड्याळाच्या उलट फिरतं. ते ज्या दिशेनं चाललंय तिकडं तोंड केलं तर उजव्या हाताची बाजू वाईट, कारण तिथं फिरणारं वारं आणि वादळाची स्वतःची चाल यांची बेरीज होते. समजा वारं ६० नॉटचं आणि वादळ १० नॉटनं सरकतंय, तर ढोबळ मानानं उजवीकडं ७० आणि डावीकडं ५०, शिवाय उजवीकडचं वारं जहाजाला वादळाच्या वाटेवरच लोटतं. (नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर.) म्हणून शहाणा कॅप्टन दोन दिवस आधीच कोर्स बदलतो, स्पीड कमी करतो, वेळ आणि डिझेल जास्त गेलं तरी चालतं.

आणि मशिनं बंद पडली तरी बॅरोमीटर असतोच. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज ठरल्यासारखा वरखाली होतो, सकाळी आणि रात्री १० च्या सुमारास जास्त, पहाटे आणि दुपारी ४ ला कमी, फरक दोन-तीन हेक्टोपास्कलचा (हे दाबाचं माप). ही चाल मोडली आणि दाब त्या दिवसांतल्या सरासरीपेक्षा ३ नं खाली आला की संशय घ्यायचा, ५ नं आला की वादळ जवळपास आहे असंच धरायचं. दाब बघून लॉगबुकात लिहायचं काम बऱ्याचदा कॅडेटच्याच गळ्यात पडतं. फोन आला की त्याला विचारा, वाऱ्याकडं तोंड करून उभं राहिलं तर वादळाचं केंद्र कुठं? 'उजव्या हाताला, जरा मागं' असं पटकन आलं तर पोरगं अभ्यास करतंय.

प्रश्न : फळछाटणी घेऊन घड बाहेर पडलेत आणि अरबी समुद्रात डिप्रेशन आलंय. ते ओमानकडं जाणार म्हणतात, मग आमच्याकडं आभाळ का? फवारणी करायची का नाही? (द्राक्ष बागायतदार, तासगाव)

अण्णा, नकाशावरची ती रेघ फक्त केंद्राची वाट दाखवते. ढगांचा पसारा केंद्रापासून शेकडो किलोमीटर पसरलेला असतो, आणि कमी दाब लक्षद्वीपकडं असला की त्याच्या वरच्या अंगाला वारं पूर्वेकडून-आग्नेयेकडून यायला लागतं, ते दमट हवा घेऊनच येतं. म्हणून वादळ पश्चिमेला निघालं तरी तासगावात पानं ओली राहतात आणि डाउनी रोगाला तेवढंच पुरतं.

पायऱ्या ध्यानात ठेवा म्हणजे बातमी ऐकून धावपळ होणार नाही. वारं १७ नॉटच्या आत असलं तर नुसतं कमी दाबाचं क्षेत्र, १७ ते २७ डिप्रेशन, २८ ते ३३ डीप डिप्रेशन, ३४ पासून पुढं चक्रीवादळ आणि मग नाव मिळतं. हे सगळं वाऱ्यावर ठरतं, पावसावर नाही, ही खरी गोम! साधं डिप्रेशन बागेची वाट लावू शकतं आणि मोठं वादळ लांबून निघून जाऊ शकतं. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर 'क्यार' सुपर सायक्लोनपर्यंत गेलं, महाराष्ट्राला लागलं नाही, समुद्रातच विरलं. त्या दिवसांत राज्यात अवकाळीनं शेतीचं वाटोळं झालं, पण सगळं खापर एकट्या क्यारवर फोडण्यात अर्थ नाही. 'फयान' मात्र ११ नोव्हेंबर २००९ ला थेट कोकणात घुसलं होतं.

फवारणीसाठी समुद्राचं बुलेटिन बघू नका, ते जहाजांसाठी असतं. तुम्ही जिल्ह्याचा पावसाचा अंदाज आणि इन्सॅट उपग्रहाचे ढगांचे फोटो बघा, औषध कुठलं ते तुमच्या सल्लागाराला विचारा, त्यात मी पडत नाही.

प्रश्न : समुद्र सगळ्यात खवळलेला जुलैत, मग चक्रीवादळं मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरलाच का? (शिक्षिका, वाई)

ताई, पाणी २६-२७ अंशांच्या वर तापलेलं असणं ही एक अट झाली, दुसरी म्हणजे खालचं आणि वरचं वारं फार वेगळं नको. पावसाळ्यात खाली नैऋत्येचं जोरदार वारं आणि वर खूप उंचीवर पूर्वेकडून तेवढंच जोरदार, मग वादळ उभंच राहत नाही, शेंडा एकीकडं आणि बुडखा एकीकडं जातो. पण वादळ नाही म्हणून समुद्र शांत असं अजिबात नाही. येमेनच्या सोकोत्रा बेटाजवळ जुलैत ३०-४० नॉटचं वारं दिवसेंदिवस चालतं. मराठ्यांचं आरमारसुद्धा पावसाळ्यात गलबतं किनाऱ्याला ओढून ठेवायचं, ते उगाच नव्हे.

प्रश्न : एकाच वादळाचं वारं अमेरिकन साइटवर जास्त आणि आपल्या हवामान खात्याकडं कमी दाखवतात, कोण खोटं बोलतंय? (कॉलेज विद्यार्थी, विटा)

कोणीच नाही रे. आपलं खातं तीन मिनिटांची सरासरी धरतं, अमेरिकन एक मिनिटाची. कमी वेळाची सरासरी घेतली की आकडा चढतो. विंडी साइटवर तर तू कॉम्प्युटरचं मॉडेलच बघतोयस, युरोपियन वेगळं आणि अमेरिकन जीएफएस वेगळं, पाच दिवसांपुढं दोघांची तोंडं दोन दिशांना असली तरी नवल नाही. बुलेटिनमधली वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, आपली वेळ काढायला त्यात साडेपाच तास मिळवायचे, हे न करता पुढं ढकललेल्या मेसेजनी निम्मा गोंधळ होतो. आणि 'लाट ३ मीटर' म्हणजे सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी, एखादी त्याच्या दुप्पटही येते.

प्रश्न : सांगलीहून आम्ही मित्र मालवणला गेलो, कडक ऊन, समुद्र बऱ्यापैकी शांत, तरी बोटवाला 'तीन नंबरचा बावटा लागलाय' म्हणून नाही म्हणाला. फसवलं का? (एक ग्रुप, मिरज)

उलट त्याचे आभार माना. बावटा म्हणजे बंदरावर लावलेला वादळाचा इशारा. एक आणि दोन नंबर म्हणजे वादळ लांब आहे, निघणाऱ्या जहाजांनी बघून निघा. तीन म्हणजे खुद्द बंदरालाच सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका. चार त्याच्या पुढचा, पाचपासून दहापर्यंत धोका आणि महाधोका, आणि अकरा म्हणजे हवामान केंद्राशी संपर्कच तुटला. ऊन बघून ठरवू नका, लांबच्या वादळाच्या स्वेलच्या लाटा वाऱ्याच्या आधी येऊन पोचतात. खोल पाण्यात त्या दिसतही नाहीत, उथळ पाण्यात आल्या की एकदम उभ्या राहतात आणि बोट किनाऱ्याला लावताना उलटते. पुढच्या वेळी हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या केंद्राचा अंदाज बघा, मोफत आहे, त्यात लाटेच्या उंचीबरोबर पिरियडही (दोन लाटांमधला वेळ) बघा. उंची दीड मीटरच असली आणि पिरियड १४-१५ सेकंद असला तर बोटीचा विषय सोडा, सोलकढी पिऊन गाडी परत फिरवा.