ब्रेस्ट इम्प्लांट केल्यावर बाळाला अंगावर पाजता येतं का?

काही वर्षांपूर्वी इम्प्लांट बसवले, आता सातवा महिना आहे, दूध येईल का, असं तुम्ही विचारलंय. बहुतेक जणींना येतं. काहींना पूर्ण पुरतं, काहींना थोडं वरचं द्यावं लागतं.

मुख्य प्रश्न छेद कुठे घेतला होता हा. स्तनाखालच्या घडीत किंवा काखेत असेल तर दुधाच्या नलिका सहसा शाबूत राहतात. स्तनाग्राभोवतीच्या काळसर भागाच्या कडेने असेल तर नलिका आणि तिथली नस दुखावलेली असू शकते. बाळ ओढू लागलं की मेंदूला निरोप जातो तो याच नसेतून, आणि मग पान्हा फुटतो. स्तनाग्राला पूर्वीसारखा स्पर्श कळतोय ना? मग ते चांगलं लक्षण आहे. ऑपरेशनचे कागद आत्ताच शोधून डॉक्टरांना दाखवा.

सिलिकॉन दुधात उतरेल ही भीती मात्र मनातून काढाच. इम्प्लांट असलेल्या आणि नसलेल्या आयांच्या दुधात सिलिकॉनचं प्रमाण साधारण सारखंच आढळलंय.

बाळ झाल्यावर पहिल्या तासातच छातीशी घ्या, मग 24 तासांत 8 ते 12 वेळा पाजा. पाचव्या दिवसापासून रोज निदान 6 लंगोट चांगले ओले होत असतील आणि दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून आलं, तर दूध पुरतंय. लंगोट कमी भिजत असतील तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा. ते सांगतील तेवढं वरचं द्या, पण अंगावर पाजणं सोडू नका.