पणत्या रंगवायला घेतेयस ना, मग हे वाच

अगं, सुरुवातीलाच चोवीस रंगांचा सेट नको घेऊस, लाल, पिवळा, निळा, पांढरा, काळा आणि एक सोनेरी एवढे अ‍ॅक्रेलिक बास, बाकीचे मिसळून होतात. बाटल्या चपलांच्या खोक्यात उभ्या ठेव आणि प्रत्येक झाकणावर आतल्या रंगाचा ठिपका दे, वरून बघितलं की लगेच सापडतो. बंद करताना बाटलीचं तोंड पुसायचंच, नाहीतर झाकण असं चिकटतं की पक्कड लागते. ब्रश पाण्यात उभा सोडू नको हं, केस वाकले की बारीक रेघ विसर! पणतीला आधी पांढऱ्याचा एक हात दे, कोरी माती रंग पिते ना, तो पूर्ण वाळला की मग वरचा लाल काय खुलतो. वात टेकते ती चोच आणि आतली बाजू मात्र कोरीच ठेव.